साडूची गाडी, आमची गाडी

माझ्या बायकोने टाळी वाजवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

टाळी तशी लहानच होती. दोन्ही हात छातीशी आणून लहान मुलं वाजवतात तशी, एकच. पण आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आहेत आणि एवढ्या काळात माझ्या एखाद्या कामगिरीवर तिने टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. डास मारायला वाजवलेल्या मी धरत नाही.

ही टाळी वाजली माझ्या साडूच्या घरी, साडूच्या आगगाडीसाठी.

साडू हे नातं मोठं अवघड. भावाशी भांडता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो, मेव्हण्याची चेष्टा करता येते. साडूचं तसं नाही. दोन बहिणींनी निवडलेले दोन नवरे, आणि बहिणी जन्मभर त्यांची तुलना करत बसणार, ती आपल्यासमोर न बोलता. अशा माणसाचा फक्त हेवा करता येतो. मी तो नेमाने करत आलो आहे. साडू दातांचा डॉक्टर आहे, उंच आहे, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्याच्या डोक्यावर इतके केस आहेत की त्यातले निम्मे मला दिले तर दोघांचंही भागेल. ताईंचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा, तो नवरा. त्यामुळे सासुरवाडीत पहिला पाट त्याचा आणि दुसरा माझा. मी शिलाई मशीनचा मेकॅनिक. पायमशीन, हातमशीन. सासुरवाडीत त्याला सगळे ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात. मला तो ‘इंजिनिअर’ म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो. तेव्हापासून मला दरवेळी हसावं लागतं.

हे सगळं मी पचवलं होतं. टाळी मात्र पचेना.

साडूच्या वरच्या मजल्यावर मागची एक अख्खी खोली आगगाडीची आहे. भिंतीच्या कडेने चौफेर फळी मारून त्यावर रूळ टाकलेले. तळहाताएवढं इंजिन, मागे आठ डबे. डोंगर त्याने दातांचे साचे घ्यायच्या पांढऱ्या प्लॅस्टरचे केले आहेत आणि वरून हिरवा रंग मारला आहे. नीट पाहिलं तर दोन डोंगरांना सरळसरळ दाढेचा आकार आहे, आणि तिसऱ्यातला बोगदा म्हणजे कीड लागून पडलेलं भोक वाटतं. हे मी तिथे बोलूनही दाखवलं. कोणी हसलं नाही, कारण त्याच क्षणी गाडी पुढचा दिवा लावून त्या किडीतून बाहेर आली आणि बायकोने टाळी वाजवली.

“अगंबाई! ताई, बघ ना गं, कशी गुळगुळीत चालते!”

“बघते की रोज,” ताई दारातूनच म्हणाल्या आणि हात पुसत निघून गेल्या.

बायकोने मग साडूकडे पाहिलं. त्या नजरेची माझी जुनी ओळख आहे. तिच्या आईचं मशीन टाके सोडत होतं, म्हणून मला बोलावलं होतं. मी तळातली पेटी उघडली, अडकलेला दोरा काढला, आणि मान वर केली तर ही दारात उभी राहून असंच बघत होती. आमचं लग्न त्या नजरेतून जमलं असं माझं मत आहे. तिचं मत आहे की स्थळं संपत आली होती. ते काहीही असो, ती नजर मला परत हवी होती. माझ्या घरात, माझ्याकडे वळलेली. बाकी आगगाडीत मला काडीचाही रस नव्हता.

महिन्याभरात गाडी मिळाली. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. त्यांचं मशीन दर दोन वर्षांनी एकदा रुसतंच. मशीन बघायला गेलो तेव्हा माळ्यावर एक खोकं दिसलं आणि खोक्यावर इंजिनाचं चित्र.

“यजमानांची हौस,” बाई म्हणाल्या. “ते गेले, खोकं राहिलं. तुम्हाला हवं का? मशीन तेवढं नीट करून द्या, म्हणजे झालं.”

“चालते ना?”

“त्यांच्या हातून चालायची. माझ्या हातून तर मशीनही चालेना, म्हणून तुम्हाला बोलावलं.”

खोक्यात एक इंजिन, पाच डबे, रुळांचे सोळा तुकडे, गोल बटणाची वीजपेटी आणि छप्पर उडालेलं एक स्टेशन होतं. मी ते घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. बायको भाजी चिरत होती. तिने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“हे काय?”

“आगगाडी.”

“ते दिसतंय. कोणाची?”

“आपली.”

“भाऊजींकडे आहे म्हणून?”

“त्यांचा काय संबंध?” मी म्हणालो. हे वाक्य मी घराच्या वाटेवर तीनदा घोकून आलो होतो.

रूळ जोडले, अंडाकृती वाट तयार झाली, पेटीचा प्लग खोचला, बटण फिरवलं. इंजिन वीतभर गेलं आणि थांबलं. बोटाने ढकललं, आणखी वीतभर गेलं. अशा विती मोजत त्याने एक फेरी पुरी केली, पण ती त्याची नव्हे, माझ्या बोटाची फेरी होती.

“भाऊजींची आपली आपण चालते,” बायको भाजीकडे बघत म्हणाली.

आता मी जे केलं ते नीट समजून घ्या. मी एकेचाळीस नव्हे, पंचेचाळीस वर्षं पायाने आणि हाताने चालणारी यंत्रं दुरुस्त केली. विजेशी माझा संबंध दिवा आणि पंखा यांच्यापलीकडे गेला नाही. माझ्या धंद्यात अडलेल्या यंत्रावर पहिला, दुसरा आणि बहुतेक वेळा शेवटचा उपाय एकच: तेल. जिथे धातू धातूवर घासतो तिथे तेल. मशीन कोरडं पडलं की कुरकुरतं, तेल मिळालं की गाणं म्हणतं. मी कुपी काढली. इंजिनाच्या आसांना तेल दिलं, पोटातल्या दातेरी चाकांना दिलं, डब्यांना दिलं. मग विचार केला, धातू धातूवर सगळ्यात जास्त घासतो कुठे? तर चाकं रुळांवर. म्हणून सोळाच्या सोळा तुकड्यांवर बोटाने तेलाचा हात फिरवला. रूळ असे चकाकले की माझं मलाच कौतुक वाटलं.

“बघ आता,” मी बायकोला म्हणालो.

बटण फिरवलं. इंजिन जागच्या जागी थरथरलं, चाकं गरागरा फिरली, डबे होते तिथेच राहिले. मग चाकंही थांबली. मग जळक्या तेलाचा बारीकसा वास आला.

“काहीतरी लागलं का गॅसवर?” बायकोने विचारलं आणि उठून बघून आली. गॅसवर काही नव्हतं.

आठवडाभर मी झुंजलो. जितकी अडे तितकं तेल घातलं. शेवटी इंजिन वीतभरही जाईना; हात लावला की निसटून हातात येई, मासा येतो तसं.

याच आठवड्यात बायकोने दर गुरुवारी ताईंकडे जायला सुरुवात केली. आधी ती महिन्यातून एकदा जायची. मी फक्त संध्याकाळी आल्यावर सहज विचारायचो.

“आज काय केलंत?”

“काय करणार? गप्पा. भाऊजींनी आज पूल लावला. खाली आरसा ठेवलाय, हुबेहूब पाणी वाटतं.”

“दात बघायचा आरसा?”

“अहो, मोठा आरसा. तुमचं आपलं काहीतरीच.”

“आणि ताई काय करत होत्या?”

“ती बसली होती पेपर वाचत. तिला नाही त्याचं काही.”

म्हणजे ही गाडी बघते, साडू चालवतो, आणि ताई पेपर वाचतात. मनात एक चित्र उभं राहिलं. मला ते आवडलं नाही.

साडूला विचारण्यापेक्षा मी खोकं माळ्यावर टाकलं असतं. पण खोकं माळ्यावर टाकल्यावर नजर कुठून येणार? शेवटी एका सकाळी, बायको दूध आणायला गेलेली बघून, मी फोन लावला.

“डॉक्टर, माझा एक मित्र आहे.”

“बरं.”

“त्याने एक जुनी गाडी घेतली आहे. तुमच्यासारखी. म्हणजे तुमच्याएवढी नाही, लहान.”

“कोण मित्र?”

“तुम्ही नाही ओळखत.”

“बरं. मित्राला काय होतंय?”

“थांबते. आधी वीतभर तरी जायची, आता तेवढीही जात नाही.”

“किती दिवस झाले?”

“आठवडा.”

“मित्राने रुळांना काही लावलं होतं का?”

“काही म्हणजे?”

“माणसं काय वाट्टेल ते लावतात. माझ्याकडे एक जण दुखऱ्या दाढेला बुटाचं पॉलिश लावून आला होता. तेल वगैरे?”

मी टेबलावरची तेलाची कुपी वर्तमानपत्राखाली सरकवली.

“हॅलो?”

“थोडंसं लावलं होतं म्हणे.”

“थोडंसं म्हणजे?”

“खाली गळत नव्हतं.”

पलीकडून फोनवर हात ठेवून एखादा उंच माणूस हसतो तसा आवाज आला.

“हे बघा इंजिनिअर, म्हणजे तुमच्या मित्राला सांगा, त्या गाडीला वीज वरून मिळत नाही आणि पोटातही नसते. रुळांतूनच येते. एका रुळातून चाकात, चाकातून मोटारीत, आणि पलीकडच्या चाकाने दुसऱ्या रुळात परत. मधे तेल आलं की संपलं. वर धूळ बसून त्याचा चिकटा होतो तो वेगळाच. रूळ पुसायचे स्पिरिटने. कापूस नको, तंतू गुंततात. मग चाकं. माणसं रूळ घासत बसतात आणि चाकं काळी ती काळीच. आणि सांधे बघा. जुन्या रुळांचे सांधे सैल झालेले असतात. लांबच्या टोकाला गाडी मंदावते का?”

“मंदावते. म्हणजे मंदावायची, चालत होती तेव्हा. असं तो म्हणाला.”

“तिथेच दुखणं आहे. करू दे त्याला एवढं. नाही बरं वाटलं तर परत या.”

सवयीनेच म्हणाला असेल. पण फोन ठेवल्यावर मी आरशात पाहिलं तर माझे कान लाल झाले होते.

सांगितलेलं सगळं बरोबर होतं, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. चुकीचं सांगितलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

मी कामाला लागलो. तेल घालायला एक मिनिट लागतं, काढायला दोन आठवडे. स्पिरिट आणलं. अस्तराचे तुकडे माझ्याकडे ढीगभर, त्यांचे तंतू सुटत नाहीत. रुळांचे तुकडे एकेक करून पुसले. डब्यांची चाकं आसासकट काढून पुसली आणि वर्तमानपत्रावर मांडून ओट्यावर वाळत ठेवली; त्यावरून बोलणी खाल्ली. इंजिनाची चाकं निघत नाहीत. त्यासाठी भिजवलेलं कापड एका बाजूला रुळांवर अंथरायचं, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवायची, हाताने धरून बटण फिरवायचं. चाकं कापडावर जागच्या जागी फिरतात आणि दोन काळ्या रेघा सोडतात. मग इंजिन उलटं धरून राहिलेल्या चाकांना तीच शिक्षा. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत सात तुकडे लागले. पोटातली मोटार बदामाएवढी. तिच्यातलं तेल दोऱ्याने टिपून काढलं आणि दात्यांना नवीन तेल दिलं ते सुईच्या टोकावर मावेल एवढंच. मग पक्कड घेऊन सांध्यांच्या पट्ट्या हलक्या हाताने आवळल्या. आमचं टेबल दोन फळ्यांचं, मधल्या फटीवर रूळ उचलला जात होता. तिथे साडूच्या दवाखान्याचं कार्ड दुमडून खाली सरकवलं. ते कार्ड आमच्या घरात पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडलं.

एक कबूल करतो. या कामात मला दोनतीनदा मजा आली. पण मी लगेच साडूची आठवण काढायचो, म्हणजे परत नीट राग यायचा.

पुढच्या गुरुवारी बायको परतली ती गालातल्या गालात हसत.

“आज मला चालवायला दिली.”

“काय?”

“गाडी. ते गोल बटण असतं ना, ते. भाऊजी म्हणाले, वळणावर हळू, नाहीतर पडते. मी जरा जोरात फिरवलं तर लगेच मागे घेतलं त्यांनी. चार फेऱ्या मारल्या मी. एकदाही पडली नाही.”

मी हातातली पक्कड खाली ठेवली. मग उचलली. मग परत ठेवली.

“चार,” मी म्हणालो.

“चार. ते म्हणाले, हात हलका आहे तुमचा.”

त्या दिवशी मी जेवलो नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण जेवलो. फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, आणि हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. पंचेचाळीस वर्षं माझ्या हाताखालून हजारो मशीन गेली, ‘हात हलका आहे’ हे माझं बोलणं. गिऱ्हाइकांच्या मुली मशीनवर बसल्या की मी म्हणायचो. बायकोला कधी म्हणालो होतो का? आठवून पाहिलं. नाही. आणि आता ते साडू म्हणून बसला होता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनला, गाडी चालली.

बटण जरासं फिरवलं आणि इंजिन निघालं. पहिलं वळण गेलं, लांबचं टोक गेलं, फटीवरून टकटक करत गेलं, परत समोरून गेलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो, चुकून ढकललं जाऊ नये म्हणून. दुसरी फेरी, तिसरी. नुकतंच तेलपाणी केलेल्या मशीनसारखा एकसुरी, समाधानी आवाज. सात फेऱ्या मी मोजल्या. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बायको तिकडे, साडूची गाडी बघत.

ती आली तेव्हा मी गाडी सुरू करून दाराकडे तोंड करून बसलो होतो. तिने चपला काढल्या आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

“चालली वाटतं,” ती कपड्यांच्या आडून म्हणाली.

“सात फेऱ्या झाल्या. न थांबता. आता ही आठवी.”

“बरं झालं बाई. मग टेबल मोकळं होईल आता? तीन आठवडे झाले, मांडीवर ताट घेऊन जेवतोय आपण.”

“बघ तरी.”

“दिसतेय की इथून. अहो, हा टॉवेल ओलाच आहे, परत वाळत घाला.”

मी टॉवेल परत वाळत घातला. मागे गाडी नववी फेरी मारत होती.

यावर मी खूप विचार केला. माणूस एकटा असला की बघत नाही. चारचौघं बघतात म्हणून बघतो. साडूकडे प्रेक्षक होते, माझ्याकडे फक्त बायको. तेव्हा रविवारी साडूला आणि ताईंना जेवायला बोलवावं, त्यांच्यासमोर गाडी चालावी, त्यांच्या तोंडून कौतुक निघावं आणि ते ऐकून बायकोने वळून माझ्याकडे बघावं, अशी योजना मी आखली. माझ्या बायकोची नजर मला तिच्या बहिणीमार्फत मागवावी लागत होती, हे मला खटकलं. पण माल कुठल्या का वाटेने येईना.

रविवारी साडू आला तो दारातूनच म्हणाला, “काय इंजिनिअर, तुमच्या मित्राची गाडी बरी आहे का?”

मी नेहमीसारखा हसलो आणि टेबलाकडे हात केला.

तो वाकला. एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहिलं. एक डबा उलटा करून चाकं पाहिली, नखाने खरवडून पाहिली. तोंड उघडायला सांगेल असं मला वाटत होतं.

“चाकं चांगली साफ केलीत,” तो म्हणाला. रोज दात घासणारा रोगी भेटला की डॉक्टर जरासा निराश होतो, तसा आवाज.

मी बटण फिरवलं. गाडी निघाली.

“अगंबाई!” कोणीतरी ओरडलं आणि टाळी वाजली.

मी वळलो. बायको स्वयंपाकघरात होती. टाळी ताईंची.

ताईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवली. इंजिन वळण घेऊन त्यांच्या नाकासमोरून जायचं आणि त्या दरवेळी डोळे मिटून हसायच्या.

“किती सुटसुटीत! आणि आवाज तर बघा, जसं काही मशीनवर कोणी शिवत बसलंय. आमच्याकडची म्हणजे नुसती घरघर.”

“घरघर?” साडू म्हणाला.

“मग काय? अख्खी खोली गेली. प्लॅस्टरचा चुरा पडतो तो मी झाडायचा. ही बघा कशी, टेबलावर मावते. अहो, हे स्टेशन किती गोड आहे!”

“त्याला छप्पर नाही,” साडू म्हणाला.

“म्हणून तर आत दिसतंय!”

“पिकतं तिथे विकत नाही, ताई,” मी मोठ्या मनाने म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला साडूसमोर मोठं मन परवडत होतं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तीच नजर होती हो. हुबेहूब. दोघी बहिणीच. पण चुकीच्या बहिणीची. पत्ता बरोबर, घर शेजारचं. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांडं घासल्याचा आवाज येत होता.

मग मी साडूकडे पाहिलं. तो ताईंकडे बघत होता. त्याचा चेहरा जरा ओढलेला, ओठ मिटलेले, गालाची एक शीर उडत होती. तो चेहरा माझ्या फार ओळखीचा होता. गेले दोन महिने रोज दाढी करताना मी तोच बघत होतो.

“बघू, वेग कसा घेते,” साडू म्हणाला आणि बटणाला हात घातला.

“हळू हं,” मी म्हणालो.

त्याने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन सरळ वाटेवर सुसाट गेलं, वळणावर आलं आणि वळलंच नाही. तीन डब्यांसकट टेबलावरून उडालं, खुर्चीच्या हातावर आपटलं आणि फरशीवर पडलं. फार मोठा आवाज झाला नाही. चमचा पडल्यासारखा झाला.

“अरेरे,” साडू म्हणाला. “वळण फार आवळलंय तुमचं. नवशिक्यांचं असं होतं सुरुवातीला.”

मी ‘असू दे’ म्हणायला तोंड उघडलं. ते वाक्य माझ्या तोंडात तयारच असतं. पण त्याआधी दारातून आवाज आला.

“मुद्दाम केलंत तुम्ही, भाऊजी.”

बायको दारात उभी होती. हाताला साबणाचा फेस.

“मी?” साडू म्हणाला.

“तुम्हीच. मी बघत होते. वळणावर हळू, वळणावर हळू, असं मला चार फेऱ्यांत चार वेळा सांगितलंत. मी जरा जोरात फिरवलं तर लगेच मागे घेतलंत. आणि आमची गाडी वळणावर आली की तुम्हाला वेग बघायचा असतो?”

“अहो, चुकून झालं.”

“चुकून दाढ उपटता का कधी?”

“एकदा उपटली होती,” ताई म्हणाल्या.

“तू गप्प बस गं,” साडू म्हणाला.

“ती कशाला गप्प बसेल? तुम्ही ऐका,” बायको पुढे आली. फेस फरशीवर ठिबकत होता. “तीन आठवडे हे या टेबलावर वाकून बसलेत. पाठ धरली तरी बसले. माझ्या ओट्यावर वीस चाकं वाळत होती, वीस. मी मोजलीत. मी मांडीवर ताट घेऊन जेवले, पण टेबल मागितलं का? एकदाच मागितलं. आणि तुम्ही आलात आणि एका हाताने—” तिने फरशीवरच्या इंजिनाकडे बोट केलं. “आमची गाडी आहे ती.”

पाठ धरली होती हे मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. चाकं वीस होती हे मलाही तिने सांगितल्यावर कळलं. मी कधी मोजली नव्हती.

साडूने बटणावरचा हात मागे घेतला. पहिल्यांदाच मला तो फारसा उंच वाटला नाही. मला त्याची दया आली, आणि दया इतकी चविष्ट असते हे मला माहीत नव्हतं.

मग आम्ही जेवलो, मांडीवर ताटं घेऊन, चौघंही. टेबलावर रूळ तसेच होते आणि ते काढा असं कोणी म्हणालं नाही. दोघी बहिणी कोणाच्यातरी लग्नाबद्दल बोलत होत्या. साडू मान खाली घालून जेवत होता. मी उठून त्याला स्वतःच्या हाताने आग्रह करून वाढलं. दोनदा. तो नको म्हणत होता तरी.

जाताना ताई पुढे गेल्या. साडू दारात बूट घालत रेंगाळला.

“खरंच चुकून झालं हो,” तो हळूच म्हणाला. या वेळी इंजिनिअर म्हणाला नाही.

“माहीत आहे मला,” मी म्हणालो. इतकं सुखाचं खोटं मी आजवर बोललो नव्हतो.

दार लावून मी आत आलो. बायको टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि एका हाताने ती फरशी चाचपत होती. दुसऱ्या हातात इंजिन होतं, पदरात गुंडाळलेलं.

“आकडा तुटलाय पुढच्या डब्याचा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “इथेच कुठेतरी उडाला असेल. एवढासा असतो, केरात गेला तर मिळायचा नाही. बघत काय उभे राहिलात? टॉर्च आणा.”

टॉर्च कपाटात होता, चार पावलांवर. मी लगेच गेलो नाही.